मायकेल फील्डच्या दोघी

१८८४ साली लंडनमध्ये ‘कॅलिरोई’ आणि ‘फेअर रोझामंड’ ही दोन पद्यनाटकं एकाच पुस्तकात छापून आली. कवीचं नाव मायकेल फील्ड. हे नाव त्याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं, पण परीक्षणं अशी आली की कुठलाही नवा कवी हरखून जावा. एलिझाबेथ राणीच्या काळातल्या नाटककारांच्या पंक्तीत बसेल असा माणूस पुन्हा जन्माला आला, असा सूर होता. ज्येष्ठ कवी रॉबर्ट ब्राउनिंगलाही नाटकं आवडली. पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्याला कळलं, की मायकेल फील्ड नावाचा पुरुष अस्तित्वातच नाही. ब्रिस्टलमध्ये राहणाऱ्या मावशी-भाची मिळून ही नाटकं लिहितात. मावशी कॅथरीन ब्रॅडली तेव्हा ३७ वर्षांची होती, भाची एडिथ कूपर २२ वर्षांची.

ब्राउनिंगच्या तोंडून हे गुपित बाहेर निसटू लागलं, तेव्हा कॅथरीननं त्याला कळवळून पत्र लिहिलं. लिहिणारी बाई आहे असं कळलं की आमचं काम पावलोपावली खुजं ठरवलं जाईल. बायकांच्या तोंडून जग जे ऐकून घेत नाही ते आम्हाला बोलायचं आहे, आणि दिवाणखान्यातल्या रीतीभाती पाळत घुसमटायचं नाही, असा त्या पत्राचा आशय होता. विनंती वाया गेली. पुढच्या काही वर्षांत साहित्यवर्तुळात सगळ्यांना ठाऊक झालं आणि परीक्षणांचा उत्साह ओसरत गेला. नाटकं तीच होती, कष्टही तेच, पण ‘तो’ जाऊन ‘त्या’ आल्या होत्या.

एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन स्त्रियांनी एकाच टोपणनावानं लिहायचं आणि तेही इतिहासाच्या आडोशानं, ही गोष्ट मायकेल फील्डपाशी सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. पण इतक्या तपशिलानं नोंदलं गेलेलं दुसरं उदाहरण सापडणं कठीण. म्हणून आढावा घ्यायचा तर सुरुवात या दोघींपासूनच करायला हवी. असं नाव का घ्यावं लागतं, त्यात काय मिळतं, काय जातं, आणि विषयासाठी पुन्हा पुन्हा मागच्याच काळाकडे का वळावं लागतं, हे या आढाव्यातले प्रश्न आहेत.

कॅथरीनचा जन्म १८४६ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका तंबाखू कारखानदाराच्या घरात झाला. वडील लवकर गेले. थोरली बहीण लग्न होऊन केनिलवर्थला गेली आणि तिथे १८६२ मध्ये एडिथ जन्मली. दुसऱ्या बाळंतपणानंतर बहीण कायमची आजारी झाली, तेव्हा मुलींचं बरंचसं संगोपन मावशीनं केलं. घरात पैसा होता, त्यामुळे पोटासाठी लग्न करण्याची वेळ दोघींवर आली नाही. कॅथरीन पॅरिसला कोलेज द फ्रान्समध्ये व्याख्यानं ऐकून आली होती, केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात काही काळ शिकली होती. कलासमीक्षक जॉन रस्किनच्या ‘गिल्ड ऑफ सेंट जॉर्ज’मध्ये ती दाखल झाली आणि देवावरचा विश्वास उडाला, त्याच सुमाराला एक कुत्रा मिळाला, असं त्याला पत्रानं कळवल्याबद्दल त्याचा संतापही तिनं ओढवून घेतला. ब्रिस्टलला नव्यानंच निघालेल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मावशी-भाची एकत्र शिकायला जात, ग्रीक आणि लॅटिन वाचत. १८८१ मध्ये ‘बेलेरोफॉन’ हे त्यांचं पहिलं जोडपुस्तक अॅरन ली आणि आयला ली अशा दोन नावांनी निघालं. तीन वर्षांनी दोन नावांचं एक झालं.

या नात्याबद्दल आजच्या वाचकाला अस्वस्थ वाटतं आणि ते वाटायलाच हवं. सख्खी मावशी, तीही जिनं लहानपणी सांभाळलं. वयात १५ वर्षांचं अंतर, आणि घरातला मोठेपणाचा अधिकार एकीच्याच हाती. एडिथ मोठी झाल्यावर दोघींनी आपलं नातं विवाहासारखं मानलं. रोजनिशीत त्यांनी स्वतःची तुलना ब्राउनिंग दांपत्याशी केली आणि आपण त्या दोघांहून अधिक जवळ आहोत असं म्हटलं, कारण ब्राउनिंग आणि त्याची पत्नी एलिझाबेथ बॅरेट वेगवेगळे लिहीत. त्यांच्या चाहत्या अभ्यासकांनी या नात्यातली अवघड बाजू बरेचदा हळूच बाजूला सारली आहे. तसं करू नये. कारण याच अवघड गोष्टीनं त्यांना संरक्षणही दिलं. मावशी-भाची एका घरात राहतात, एकत्र प्रवास करतात, एका खोलीत निजतात, यावर त्या काळी कुणी भुवई उंचावली नसती.

हाच नमुना पुढे पुन्हा पुन्हा दिसतो. आयर्लंडच्या एडिथ समरव्हिल आणि व्हायोलेट मार्टिन या नात्यानं बहिणी होत्या. ‘समरव्हिल अँड रॉस’ या जोडनावानं त्यांनी ‘द रिअल शार्लट’ (१८९४) ही मोठी कादंबरी लिहिली आणि आयरिश ग्रामीण दंडाधिकाऱ्याच्या गोष्टी लिहून भरपूर वाचक मिळवले. त्यांच्या नात्याला कोणतं नाव द्यावं यावर अभ्यासकांचं एकमत नाही आणि या लेखातही ते ठरवण्याचं कारण नाही. फ्रान्समधल्या ल्यूसी श्वॉब आणि सुझान मालेर्ब यांच्याबाबत मात्र शंका नाही. क्लोद काओं आणि मार्सेल मूर या नावांनी त्यांनी छायाचित्रं, लेखन, रेखाटनं केली. एकीच्या वडिलांनी दुसरीच्या आईशी १९१७ मध्ये लग्न केलं, त्यामुळे आधीपासून प्रेमात असलेल्या या दोघी कागदोपत्री सावत्र बहिणी झाल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्सी बेटावर जर्मन सैन्याचा ताबा होता, तेव्हा दोघींनी जर्मन भाषेत सैनिकांना भडकवणाऱ्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्यांखाली ‘नाव नसलेला सैनिक’ अशी सही केली. त्या चिठ्ठ्या सिगारेटच्या पाकिटांत, गाड्यांत, सैनिकांच्या खिशांत जात. एवढं काम दोन मध्यमवयीन बायका करत असतील यावर जर्मन गुप्त पोलिसांचा विश्वास बसेना. जुलै १९४४ मध्ये अटक झाली, मृत्युदंड सुनावला गेला, तो अमलात आला नाही, आणि मे १९४५ मध्ये बेट मुक्त झाल्यावर त्या सुटल्या. दोघींनी मिळून घेतलेल्या एका पुरुषी नावाचा इतका धाडसी उपयोग दुसऱ्या कुणी केलेला ठाऊक नाही.

मायकेल फील्डकडे परत यायचं तर, त्यांच्या लिहिण्याची रीत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. जोडीनं लिहिणारे बहुतेक लोक काम वाटून घेतात. स्वीडनचे माय शोवाल आणि पेर वालू या जोडप्यानं दहा रहस्यकादंबऱ्या लिहिल्या, त्या एक प्रकरण त्यानं आणि पुढचं तिनं अशा पद्धतीनं. ‘निकी फ्रेंच’ हे नाव तर निकी जेरार्ड आणि शॉन फ्रेंच या नवरा-बायकोनं आपल्याच नावांचे तुकडे जोडून केलेलं, आणि ते त्यांनी उघडपणे वापरलं. कॅथरीन आणि एडिथची रीत निराळी होती. लैंगिकतेचे अभ्यासक हॅव्हलॉक एलिस यांनी कोणता भाग कुणाचा असं विचारलं, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं, की एका नाटकाचा अपवाद सोडला तर सगळं मिसळलेलं आहे. एकीनं पात्र सुरू करावं आणि दुसरीनं ते ताब्यात घ्यावं. एकीला प्रसंग सुचावा आणि दुसरीनं तो दुरुस्त करावा, पुरा करावा किंवा निर्दयपणे छाटावा. देवानं जे जोडलं ते माणसानं तोडू नये, हे लग्नाच्या विधीतलं वचन त्यांनी या पत्रात आपल्या लेखनाला लावलं होतं.

ही नुसती भावुकता नव्हती. ‘वर्क्स अँड डेज’ या नावानं त्यांनी १८८८ पासून अखेरपर्यंत रोजनिशी ठेवली. तिच्या सुमारे ३० वह्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. वही एक आणि अक्षरं दोन. एकीनं दिवसाची नोंद करायची, दुसरीनं त्यातच पुढे लिहायचं. मित्रमंडळींत कॅथरीन ‘मायकेल’ झाली होती आणि एडिथ ‘फील्ड’. पुढे एडिथला ‘हेन्री’ हे नाव चिकटलं. १८९१ मध्ये ड्रेस्डेनला तिला स्कार्लेट फीव्हर झाला, इस्पितळात केस कापावे लागले आणि तिथल्या ‘हाइनरिश’चं घरी ‘हेन्री’ झालं. टोपणनाव असं पुस्तकावरून उतरून स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं. बाहेरच्यांपासून लपण्यासाठी घेतलेलं नाव आतल्या माणसांसाठी खरं नाव झालं, आणि म्हणूनच आज त्या नावाचे पुन्हा दोन भाग करून ‘ही ओळ कॅथरीनची, ती एडिथची’ अशी वाटणी करणं त्यांच्या कामावर अन्याय करणारं आहे.

आता इतिहास. मायकेल फील्डच्या नावावर २७ च्या आसपास नाटकं आहेत आणि त्यांतली बहुतेक ऐतिहासिक किंवा पुराणकथांवरची. दुसऱ्या हेन्रीची प्रेयसी रोझामंड, डेन राजा कॅन्यूट, रोमचा ब्रूटस, ‘द ट्रॅजिक मेरी’मधली स्कॉटलंडची राणी, हूणांचा अटिला, बोर्जिया घराणं, हेरोदाची राणी मारियाम्ने, रोमन सम्राज्ञी जूलिया डोम्ना. व्हिक्टोरियन काळात स्वतःच्या वासनेविषयी प्रथमपुरुषी एकवचनात बोलणं बाईला परवडणारं नव्हतं, पण मेलेल्या राणीच्या तोंडी ते घातलं तर ते शोकनाट्य ठरत होतं. इतिहासातल्या स्त्रीला सत्ता असते, तिला मत्सर आणि सूड शोभतो, ती हुकूम देते. समकालीन कादंबरीतल्या नायिकेला चहाच्या टेबलाशी जे बोलता आलं नसतं, ते कुठल्याशा दरबारात मोकळेपणानं बोलता येत होतं.

नाटकांत हे आडून होतं, कवितेत ते समोर आलं. हेन्री व्हार्टन यांनी १८८५ मध्ये सॅफोच्या उपलब्ध ओळींची इंग्रजी आवृत्ती काढली. लेस्बॉस बेटावरच्या या कवयित्रीच्या कवितांचे तुकडेच उरले आहेत, कुठे चार ओळी, कुठे दोन शब्द. मायकेल फील्डनं एकेक तुकडा घेतला आणि तो पुढे वाढवून कविता रचल्या. १८८९ च्या त्या संग्रहाचं नाव ‘लाँग अगो’. फार पूर्वी! नावातच आडोसा आहे. या संग्रहात टायरेसियसवरही एक कविता आहे. ग्रीक पुराणातला हा द्रष्टा काही वर्षं स्त्री होऊन जगला होता, म्हणून दोन्ही बाजूंचं ज्ञान त्याला होतं. पुरुषाच्या नावानं लिहिणाऱ्या दोन स्त्रियांनी या माणसाकडे वळावं यात नवल नाही. या पुस्तकातल्या सॅफोचं मुलींवरचं प्रेम स्पष्ट आहे, आणि तरीही ते व्हिक्टोरियन लंडनमध्ये उजळ माथ्यानं छापलं गेलं, कारण ते अडीच हजार वर्षांपूर्वीचं आणि ग्रीक होतं. ग्रीकचा अभ्यास ही तेव्हाच्या विद्वानांची प्रतिष्ठा होती. त्या प्रतिष्ठेच्या छत्राखाली या दोघींनी आपली जागा शोधली.

रंगभूमीनं त्यांना साथ दिली नाही. ‘अ क्वेश्चन ऑफ मेमरी’ हे १८४८ च्या हंगेरीतल्या उठावावरचं नाटक ऑक्टोबर १८९३ मध्ये जे. टी. ग्राइनच्या ‘इंडिपेंडंट थिएटर’नं केलं. एकच प्रयोग झाला आणि वर्तमानपत्रांनी ते झोडपलं. दोघी खचल्या. त्यानंतर त्यांचे वाचक मोजके मित्र होते. चार्ल्स रिकेट्स आणि चार्ल्स शॅनन हे चित्रकार जोडपं त्यांच्या सर्वांत जवळचं. रिकेट्सच्या ‘व्हेल प्रेस’नं त्यांची नाटकं अतिशय देखण्या रूपात छापली. देखणी, पण थोड्या प्रतींत. १९०५ मध्ये त्यांनी एक प्रयोग करून पाहिला. ‘बोर्जिया’ हे नाटक मायकेल फील्डचं नावही न लावता काढलं आणि टीकाकारांनी त्याचं बरं स्वागत केलं. जे २० वर्षांपूर्वी पुरुषी नावानं साधलं होतं, ते आता कुठलंच नाव न लावल्यानं साधलं. स्त्रीलेखनाकडे पाहण्याच्या नजरेचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

१९०६ मध्ये त्यांचा लाडका कुत्रा व्हिम चाऊ गेला. दोघींवर या मरणाचा इतका परिणाम झाला, की पुढच्या वर्षी दोघीही कॅथलिक झाल्या. त्यांच्या काही चरित्रकारांना हे हास्यास्पद वाटलं. पण रोजनिशी वाचणाऱ्यांना दिसतं, की मूल नसलेल्या आणि जगानं कुटुंब न मानलेल्या घरात तो कुत्रा तिसरं माणूस होता. १९११ मध्ये एडिथला कर्करोग झाला. तिची शुश्रूषा करत असताना १९१३ मध्ये कॅथरीनलाही तोच रोग निघाला, आणि तिनं तो एडिथपासून अखेरपर्यंत लपवला. एडिथ डिसेंबर १९१३ मध्ये गेली, कॅथरीन सप्टेंबर १९१४ मध्ये. कवी थॉमस स्टर्ज मूर यांच्याकडे वह्या सोपवल्या होत्या, त्या १९२९ संपेपर्यंत उघडू नयेत अशी सूचना होती. १९३३ मध्ये निवडक भाग छापला गेला, आणि मग पुढची जवळजवळ ५० वर्षं मायकेल फील्ड हे नाव वाङ्मयेतिहासाच्या तळटिपांत राहिलं. लिलियन फेडरमन यांच्या १९८१ च्या स्त्रीप्रेमाच्या इतिहासात ते परत आलं. आयरिश कादंबरीकार एमा डोनोह्यू यांनी १९९८ मध्ये दोघींचं छोटं, सुंदर चरित्र लिहिलं आणि त्यानंतर विद्यापीठांतून अभ्यासाची रांग लागली.

विसाव्या शतकातल्या लेखिकांनी इतिहासाचा उपयोग वेगवेगळ्या तऱ्हांनी केला. सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर आणि व्हॅलेंटाइन अॅकलंड या इंग्रज सहचरींनी १९३३ मध्ये एकत्र कवितासंग्रह काढला आणि कोणती कविता कुणाची हे मुद्दाम छापलं नाही. परीक्षकांनी कविता सोडून लेखकच ओळखत बसावं असं व्हायला नको होतं, पण झालं तसंच, आणि कमी प्रसिद्ध असलेल्या अॅकलंडच्या वाट्याला त्यातून काही चांगलं आलं नाही. जोडनावाचा हा तोटा खरा आहे. एक नाव मोठं असेल तर त्याच्या सावलीत दुसरं वाढत नाही. वॉर्नरनं १९३६ मध्ये ‘समर विल शो’ ही कादंबरी एकटीच्या नावानं लिहिली. इंग्लंडमधली एक जमीनदारीण १८४८ च्या क्रांतीत पॅरिसला जाते आणि नवऱ्याच्या जुन्या रखेलीच्या, मिन्ना नावाच्या ज्यू कथाकथनकाराच्या, प्रेमात पडते. रॅडक्लिफ हॉलच्या ‘द वेल ऑफ लोनलिनेस’वर इंग्लंडमध्ये १९२८ साली खटला होऊन बंदी आली होती, ती कादंबरी चालू काळातली होती. आठ वर्षांनी आलेल्या वॉर्नरच्या कादंबरीला कुणी कोर्टात खेचलं नाही. बंदुका, बॅरिकेड आणि जवळजवळ नव्वद वर्षांचं अंतर, यांनी तिचं रक्षण केलं असं म्हणायला हरकत नाही.

आणखी एक तऱ्हा होती आणि ती फार बोलकी आहे. मेरी रेनॉल्ट हे टोपणनाव घेणारी इंग्रज परिचारिका एलीन मेरी चॅलन्स आपली सहचरी जूली मुलर्डसह १९४८ मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेली आणि तिथून प्राचीन ग्रीसवर कादंबऱ्या लिहू लागली. ‘द लास्ट ऑफ द वाइन’ १९५६ ची. प्रेम आहे ते पुरुषांचं पुरुषांवर. मार्गरीत युर्सनार यांच्या ‘हाद्रियनच्या आठवणी’ (१९५१) या जगप्रसिद्ध कादंबरीतही रोमन सम्राट आणि त्याचा प्रियकर अँटिनूस आहेत. तिचं इंग्रजी भाषांतर युर्सनारची आयुष्यभराची सोबतीण ग्रेस फ्रिक हिनं केलं. दोघींनी शब्दाशब्दावर बसून ते केलं. दोन बायकांचं घर आणि त्या घरात लिहिलं गेलेलं पुरुषांचं प्रेम! स्त्रियांच्या प्रेमाचा पुरावा इतिहासात कमी उरला आहे हे त्याचं एक कारण. राजे, सेनापती आणि तत्त्वज्ञ यांच्या प्रेमाविषयी ग्रीकांनी लिहून ठेवलं, मागाशी बसलेल्या दोघींविषयी कुणी लिहिलं नाही.

ती पोकळी भरण्याचं काम १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बाईनं हाती घेतलं. अल्मा राउटसाँग यांना एका लोककला संग्रहालयात मेरी अॅन विल्सन या चित्रकर्तीची ओळख झाली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मिस ब्रंडिज नावाच्या सोबतिणीबरोबर न्यूयॉर्क राज्यात शेतावर राहायची, याहून जास्त माहिती जवळजवळ नव्हती. राउटसाँग यांनी कनेटिकटमधल्या दोन मुली रचल्या, एक चित्रं काढणारी, दुसरी बापानं मुलासारखी वाढवलेली लाकूडतोडी. कथा एकदा हिच्या तोंडून, एकदा तिच्या. कादंबरी छापायला कुणी तयार होईना, म्हणून त्यांनी ती स्वखर्चानं १००० प्रतींत छापली आणि ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ या समलिंगी स्त्रियांच्या संघटनेच्या बैठकींत पिशवीतून विकली. टोपणनाव घेतलं इझाबेल मिलर. मिलर हे आईचं माहेरचं नाव, आणि इझाबेलची अक्षरं इंग्रजीत उलटसुलट केली की ‘लेस्बिया’ होतं. १९७२ मध्ये मोठ्या प्रकाशकानं तीच ‘पेशन्स अँड सारा’ या नावानं काढली. इथे सगळं उलटं झालेलं दिसतं. पडद्याआड लेखिका आहे आणि विषय उघड्यावर. शेवटही सुखाचा आहे. दोघी मिळून शेत घेतात. त्याआधीच्या अशा बहुतेक कथांत एकीला मरावं तरी लागे, नाहीतर पुरुषाकडे परतावं तरी लागे.

पुढचं पाऊल सारा वॉटर्सचं. लंडनमध्ये तिनं १९९५ साली पीएचडी केली ती १८७० पासूनच्या समलिंगी ऐतिहासिक कथासाहित्यावर. म्हणजे संशोधकानं आधी सगळी परंपरा वाचली आणि मग तिच्यात भर घातली. ‘टिपिंग द वेल्वेट’ (१९९८), मिलबँक तुरुंगातली ‘अॅफिनिटी’ (१९९९) आणि ‘फिंगरस्मिथ’ (२००२), जी बुकरच्या अंतिम यादीत गेली. पार्क चान-वुक यांनी तिच्यावरून ‘द हँडमेडन’ (२०१६) हा चित्रपट केला, कथा जपानी अमलाखालच्या कोरियात नेऊन. वॉटर्स स्वतःच्या नावानं लिहिते, तिला दुसऱ्या कुठल्या आडोशाची गरज नाही. इतिहास आता तिच्यासाठी लपायची जागा राहिलेली नाही. चार्ल्स डिकन्सच्या लंडनमध्ये अशा मुली होत्याच, मग त्या डिकन्सच्या पुस्तकांत का नाहीत, असं ती विचारते आणि उत्तर स्वतः लिहून देते.

त्या होत्या, याचा पुरावा यॉर्कशरमध्ये भिंतीतून निघाला होता. शिब्डन हॉलची मालकीण अॅन लिस्टर (१७९१-१८४०) हिनं सुमारे ५० लाख शब्दांची रोजनिशी लिहिली, त्यातला सहावा हिस्सा ग्रीक अक्षरं आणि गणिती चिन्हं मिसळून केलेल्या गुप्त लिपीत. घराण्यातला पुढचा वारस जॉन लिस्टर यानं मित्राच्या मदतीनं ती लिपी उलगडली. आत काय आहे हे कळल्यावर मित्रानं वह्या जाळून टाकायचा सल्ला दिला. जॉननं त्या भिंतीच्या फळ्यांआड ठेवल्या. हेलेना व्हिटब्रेड यांनी १९८८ मध्ये त्यांतला भाग छापला. भारतीय वाचकाला याहून जवळची गोष्ट म्हणजे लिस्टरची पहिली प्रेयसी एलायझा रेन. ती मद्रासमध्ये जन्मलेली, ईस्ट इंडिया कंपनीतल्या शस्त्रवैद्याची आणि भारतीय आईची मुलगी. यॉर्कच्या शाळेत दोघी माळ्यावरच्या एका खोलीत राहत. त्या लिपीची सुरुवात या दोघींनीच केली. एलायझाचं उरलेलं आयुष्य मनोरुग्णांच्या आश्रमात गेलं. एमा डोनोह्यू यांनी २०२३ मध्ये ‘लर्न्ड बाय हार्ट’ ही कादंबरी तिच्यावर लिहिली. दोघींनी घडवलेलं गुप्त लेखन आणि नाव मात्र एकीचंच राहिलं, हे डोनोह्यूनं मनावर घेतलं ते फार बरं झालं.

भारतात हा शोध रुथ वनिता यांनी सलीम किदवाई यांच्यासह केला. दोघांनी संपादित केलेला भारतीय साहित्यातल्या समलिंगी प्रेमाचा संग्रह २००० मध्ये आला. मग वीस वर्षांनी वनिता यांनी ‘मेमरी ऑफ लाइट’ ही कादंबरी लिहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीचं लखनऊ, चपला आणि नफीस या दोन तवायफ, आणि आजूबाजूला स्त्रियांच्या बोलीत रेख्ती रचणारे शायर. संशोधनानं जे दप्तर उघडलं त्यातूनच ती कादंबरी उभी राहिली, हे वाचताना पानोपानी जाणवतं.

मराठीत टोपणनावाचं मोल काय असतं ते १९३३ मध्ये कळलं होतं. ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि ही विभावरी शिरूरकर कोण, यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, त्या नावाआड होत्या. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलींच्या मनातलं लिहायला आडोसा लागला, आणि तेही स्त्री-पुरुष प्रेमाच्या चौकटीत राहून. त्या चौकटीबाहेर पाऊल पडलं ते विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये, १९८१ साली. सुमित्रा ऊर्फ मित्राची ही कहाणी तेंडुलकरांनी काही दशकं मागे, स्वातंत्र्यपूर्व काळातल्या कॉलेजात ठेवली. रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली. पण ही गोष्ट सांगतो बापू, तिचा मित्र. मित्रा स्वतः आपली गोष्ट सांगत नाही आणि शेवटी तिला जगताही येत नाही. नाटक मोठं आहे, धाडसी आहे, आणि तरीही त्यात स्त्रीचं प्रेम पुरुषाच्या डोळ्यांनी दिसतं.

मराठीला ऐतिहासिक कादंबरीचं वेड जुनं. ‘मोचनगड’ १८७१ ची, म्हणजे ती परंपरा दीडशे वर्षांपुढे गेली. ‘स्वामी’ घराघरांत वाचली गेली ती पेशवाईच्या राजकारणाइतकीच माधवराव-रमाबाईंच्या प्रेमासाठी. इतिहासात शिरून नवरा-बायकोच्या प्रेमाला ऊब देण्याची कला आपल्याला उत्तम साधली आहे. दोन स्त्रियांच्या प्रेमावर त्या ताकदीची मराठी ऐतिहासिक कादंबरी मात्र चटकन आठवत नाही. सामग्रीचा तुटवडा नाही. विधवाश्रम, मुलींची वसतिगृहं, परिचारिकांच्या शाळा, एकत्र बिऱ्हाड करून राहिलेल्या शिक्षिका, तमाशाचे फड, अशा किती तरी ठिकाणी महाराष्ट्रातल्या बायका बायकांबरोबर जगल्या. त्यांच्याकडे या नजरेनं कुणी पाहिलं पाहिजे.

ज्यांना ते दोघींनी मिळून करायचं असेल त्यांच्यासाठी आज कायद्याची स्थिती अशी आहे. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे भारतात दोन स्त्रियांना नवरा-बायकोचा दर्जा मिळत नाही. सहलेखकांचा मिळतो. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यात संयुक्त लेखनाची जी व्याख्या आहे, ती एकाचं योगदान दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही अशाच लेखनाला लागू होते. टोपणनावानं छापलेलं पुस्तकही या कायद्यात बसतं, आणि दोन्ही लेखिकांची ओळख जाहीर असेल तर त्यांचा हक्क, दोघींपैकी जी मागे राहील तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.